शॉट क्रमांक एकशे बारा

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत,
झेरॉक्सच्या दुकानावर आमचा मजला.
नऊ खुर्च्या, दिवसाही ओढलेले पडदे,
आणि माझ्या वाट्याला आलेला हत्ती.

हत्ती हैदराबादहून आला, हार्डडिस्कमध्ये, कुरिअरने.
सुरकुत्या मोजायच्या तर जन्म पुरायचा नाही,
पापणीचा केस न केस वेगळा.
मी फक्त त्याला चालवायचं,
दरवाजा फोडून आत आणायचं,
पुढं नायक सुळे धरून थांबवणारच आहे.
सहा सेकंद.
चोवीस सक एकशे चव्वेचाळीस चित्रं.

चौथ्यांदा शॉट परत आला.
शेरा तोच: हत्ती तरंगतोय.

मी पाय सावकाश केले. तरंगला.
सावली गडद केली.
सावलीसकट तरंगला.

घरी जाताना मंगळवार पेठ लागते.
तालमीच्या दारात येसबा वस्ताद
गुडघ्याला तेल चोळत बसलेले.
मोबाईलवर हत्ती दाखवला त्यांना.
एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा.
"ह्यो कुणाला भ्यालाय?"
भ्यायला नाही वस्ताद, पिसाळलाय.
"मग पाय असा का उचलतोय,
तव्यावर पडल्यागत?
आन् माती बघ की पोरी.
माती त्याला वळखतच न्हाई."

आतून भिमगोंडाला हाक मारली,
शिरोळकडचा पोरगा, शंभर किलोच्या वरचा.
"चाल रं जरा."
तो हौद्यात चालला.
ताक, तेल, हळद पिऊन मऊ झालेली तांबडी माती,
आणि मी उंबऱ्याबाहेर.
पाऊल पडण्याआधी खांदा खाली येतो.
टाच रुतते, कड फुगते,
पोटाचं मांस थांबायचं विसरतं,
एक क्षण उशिरा पोचतं.
आणि पाय उचलला तरी माती त्याला
लगेच सोडत नाही.
"वजन बघायचं तर खाली बघावं," वस्ताद म्हणाले,
"वरच्याला काय इचारतीस?"

पुढचे आठ दिवस मी हत्तीला फारसा हात लावला नाही.
माती केली.
ठसे खोल केले, कडांना भेगा दिल्या,
नखाला चिमूटभर चिकटू दिली,
धूळ उठवली, तीही
वजनाला उशीर होतो तितक्या उशिराने.
मशीन रात्रभर तापत राहिलं.
पहाटे पंखे थांबले तेव्हा
पडद्यावर एक जनावर होतं,
आणि माझे पाय मी
नकळत खुर्चीवर घेतले होते.

दुपारी उत्तर आलं.
छान. पण धुळीत नायकाचा चेहरा जातोय, धूळ काढा.
ठशांकडे लक्ष जातं, ठसे बुजवा.
उद्या सकाळी हवं.

बुजवले.
हत्ती पुन्हा थाटामाटात
जमिनीच्या बोटभर वरून आला.
फक्त मागचा डावा पाय,
जिथं नायकाचा चेहरा पोचत नव्हता,
तिथली माती मी राहू दिली.
आठ चित्रं. सेकंदाचा तिसरा हिस्सा.
कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या रविवारी वस्तादांना घेऊन गेले.
हत्ती आला, शिट्ट्या पडल्या,
पुढच्या रांगेतल्या एकानं टोपी उडवली,
ती दुसऱ्याच कुणाच्या मांडीवर पडली.
वस्ताद गप्प.
मध्यंतरात भडंग खाल्लं, तिखट नाही म्हणाले.
शेवटी दिवे लागले,
आमची नऊ नावं पांढऱ्या मुंग्यांसारखी
वर चढत होती, आणि लोक
आपापल्या चपला शोधत होते.

"तेवढा मागला डावा," ते उठता उठता म्हणाले.
काय?
"चालत हुता त्यो."

बाकीच्या तिघांचं मी विचारलं नाही.
जिना उतरताना त्यांनी कठडा धरला,
मी एक पायरी मागं राहिले.
आधी खांदा,
मग पाऊल.